राजाला दिलेली वर्दी

पिंपळतळ्यात कुणाकडे मूल जन्मलं, कुणाचं लग्न लागलं, कुणी गेलं, की ती गोष्ट आधी राजाला सांगायची रीत होती. राजा कोणत्या काळातला, ते कुणाला ठाऊक नाही. नाव विचाराल तर तेही कुणी सांगायचं नाही. राजाचं नाव घ्यायचं नसतं, नुसतं 'राजेसाहेब' म्हणायचं. गावाच्या खालच्या अंगाला त्याचं तळं, आणि काठाशी पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा त्याचा महाल. खालचा मजला पावसाळ्यापासून पार उन्हं तापेपर्यंत बुडालेला, वरचा कोरडा. काठापासून महालाच्या जिन्यापर्यंत दगडी बांध होता, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. वरती तळ्याकडे तोंड केलेला सज्जा आणि सज्जात दगडी बैठक. राजा तिथं बसायचा म्हणे. बसायचा काय, अजून बसतो, असं म्हणणारी माणसं गावात होती. त्यांना हसणारीही होती, पण दिवस मावळल्यावर तीही बांधाकडे फिरकत नव्हती.

या रीतीमागची गोष्ट अशी सांगत. राजाचा एकुलता एक मुलगा लढाईत पडला. दरबारच्या लोकांना ते सांगायची हिंमत होईना. आज सांगू, उद्या सांगू, करता करता त्यांनी बातमी दाबूनच टाकली. राजा सज्जात बसून वाट बघायचा, रोज मुलाचं ताट वाढायला लावायचा आणि स्वतः घास मोडायचा नाही. असा बसल्या बसल्याच गेला. जाताना बोलून गेला, की ज्यांनी माझ्यापासून लपवलं त्यांचं माणूस मी माझ्याजवळ बसवून घेईन. तेव्हापासून गाव राजापासून काही लपवत नाही. सांगायचं काम माळ्यांच्या एका घराकडे आलं. त्याला 'वर्दी' म्हणत, आणि आपली गोष्ट ज्या सालची आहे, त्या साली वर्दी मनकर्णाबाई द्यायची.

मनकर्णाबाई म्हणजे खणखणीत बाई. अंगानं काटक, तोंडानं फटकळ, आणि मनात एक नि ओठांवर एक असं तिला जन्मात जमलं नाही. सासूनं मरायच्या आधी केरसुणी हातात दिली आणि काम समजावून सांगितलं. दिवेलागणीला बांधावरून जायचं, सज्जा झाडायचा, मग उंबऱ्याबाहेर येऊन जे असेल ते मोठ्यानं सांगायचं आणि मागं न बघता घरी यायचं. उत्तराची वाट बघायची नाही, आणि आतून काही ऐकू आलं तरी आपण उत्तर द्यायचं नाही. सांगायला काही नसेल तर 'सारं ठीक हाय' म्हणायचं. मोबदल्यात तळ्याचं पाणी ओसरू लागलं, की उघड्या पडलेल्या गाळातला पहिला वाफा तिच्या घराचा. त्या गाळातली वांगी आणि काकड्या चिखलीच्या बाजारात हातोहात जायच्या. नवरा महादेवराव त्या वाफ्यावर फार खूश. तो गरीब माणूस, बायकोपुढं फारसं बोलायचा नाही.

कशाकशाची वर्दी दिली असेल या बाईनं! इंग्रज गेला ते सांगितलं. तळ्यावर पहिल्यांदा डिझेलचं इंजिन बसलं ते सांगितलं. महाराष्ट्र झाला तेव्हा गावात पेढे वाटले, तर तिनं पेढा सज्जात नेऊन ठेवला आणि म्हणाली, "राजेसाहेब, नवं राज्य झालं. मराठी बोलनाऱ्याइचं हाय म्हंतात." राजेसाहेबांचं स्वतःचं राज्य कधीच बुडालंय, हे मात्र तिनं सांगितलं नाही. तेवढं त्यांचं त्यांनी समजून घ्यावं.

बाकी लपवाछपवीला तिच्याकडे माफी नव्हती. शेजारच्या झुंबरबाईची मुलगी बाळंतपणात गेली, तेव्हा त्या माउलीच्या तोंडून शब्दच निघेना. मुलगी माहेरी आलेली, घरातच गेलेली, आणि झुंबरबाई म्हणायची, आज नको, आज वर्दी देऊ नको, आजची रात्र तिले राहू दे. मनकर्णाबाई तिच्या दारात उभी राहून सगळ्यांदेखत कडाडली. "तुह्या पोरीसाठी काय अख्ख्या गावाले पान्यात घालतं? राजाले सांगतल्याबिगर मानूस मेलं असं होत नाही. रड, पन लपवू नको!" आणि गेली केरसुणी घेऊन. बरोबर होतं तिचं, रीतीप्रमाणे. पण झुंबरबाई त्या दिवसापासून तिच्याशी बोलायची बंद झाली.

मनकर्णाबाईला एकच मुलगा, शेषराव. वर्षापूर्वीच लग्न झालेलं, बायको रुख्मिणी. शेषराव बैलांचा मोठा शौकीन. बैलांना पाण्यावर नेलं की शीळ घालून पाणी पाजायचे, तशी सगळ्यांचीच रीत, पण याची शीळ काही और होती. लांबवर ओढलेली, शेवटी हलकेच खाली उतरणारी. तहान नसलेला बैलसुद्धा मान खाली घालायचा. तळं ओसरेपर्यंत गाळात काम नसतं, म्हणून दिवाळी झाल्यावर तो वडनेरच्या हिंमतराव मुकादमाच्या टोळीबरोबर दगड फोडायला गेला, थेट कोयनेकडे. आणि त्याच हिवाळ्यात तिकडे भूकंप झाला.

हिंमतराव परत आला तो काखेत शेषरावची घोंगडी घेऊन. अंगणात बसला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला. तो दोन दिवस हिशोबासाठी बाहेरगावी होता; तेवढ्यात टोळी झोपायची ती दगडी खोली कोसळली होती. घोंगडीखाली माणूस सापडलं, तोंड ओळखू येण्याजोगं राहिलं नव्हतं. तिथंच अग्नी दिला. खोटं नव्हता बोलत बिचारा, त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं. महादेवरावानं घोंगडी उचलून छातीशी धरली. रुख्मिणीच्या किंकाळीनं गोठ्यातले बैल दाव्याला हिसके देऊ लागले.

मनकर्णाबाई रडली नाही. तिचं लक्ष दाराकडे होतं. दारात सगळं गाव जमलं होतं आणि गर्दीच्या कडेला झुंबरबाई उभी होती. नुसती बघत होती. आता स्वतःच्या मुलाची पाळी आली तर ही काय करते, हेच त्या नजरेत होतं. निदान मनकर्णाबाईला तरी तसं वाटलं.

सासूनं तिला बजावून ठेवलं होतं, की परगावी गेलेल्याची वर्दी त्याला पाहून आलेल्या घरच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय द्यायची नाही. महादेवरावानं हात जोडले. "मनकर्णे, मी कोयनेले जाऊन येतो. तवर थांब." पण ती थांबली नाही. दुसऱ्याच्या दारात जाऊन जी कडाडली होती, ती स्वतःच्या दारात कशी थांबणार? त्याच संध्याकाळी ती बांधावरून गेली, सज्जा झाडला, आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "राजेसाहेब, वर्दी हाय. शेषराव महादेव गेला. माहा शेषराव गेला." आवाज तसाच खणखणीत. घरी येऊन मात्र चुलीपुढं कोसळली.

आणि संक्रांत झाल्यावर, एका दुपारी शेषराव आला.

फाट्यावर एस.टी.तून उतरला आणि चालत आला. हडकलेला, डोळे खोल गेलेले, पण धडधडीत जिवंत. भूकंपाच्या आदल्या दिवशी त्याला ताप भरला, म्हणून एका ट्रकवाल्यानं त्याला कराडच्या दवाखान्यात सोडलं होतं. घोंगडी टोळीतल्या एका नव्या माणसाला देऊन आला होता. तापात शुद्धच नव्हती, कुणाला काय कळवणार? मग काय विचारता! महादेवराव पोराच्या गळ्यात पडून हसत होता की रडत होता, त्याचं त्याला कळत नव्हतं. रुख्मिणीच्या हातात शेजारणींनी बांगड्या भरल्या. मनकर्णाबाईनं त्याला पुढ्यात बसवून लहानपणी चोळायची तशी पाठ चोळली आणि पुरणाचा घाट घातला. इतका आनंद त्या घरानं लग्नातही पाहिला नव्हता.

संध्याकाळी तिनं केरसुणी उचलली आणि दारातच थांबली. आज राजाला काय सांगायचं?

गेलेल्याची वर्दी असते, जन्मलेल्याची असते. परत आलेल्याची वर्दी नसते. तशी कधी कुणाच्या सासूनं कुणाला शिकवलीच नव्हती. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, तोंड उघडलं, आणि म्हणाली, "सारं ठीक हाय." जन्मात पहिल्यांदा मनकर्णाबाईनं राजापासून काही लपवलं. मागं न बघता ती जिना उतरली आणि बांधाच्या मध्यावर आली, तेव्हा मागून शीळ ऐकू आली.

लांबवर ओढलेली, शेवटी हलकेच खाली उतरणारी शीळ. सज्जातून.

ती जवळजवळ धावतच घरी आली. शेषराव ओसरीवर बापाशेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता. "माय, काय झालं ओ? धापा काऊन टाकून राह्यली?" तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी शेषरावनं बैल तळ्यावर नेले. शीळ घातली, तर ओठांतून नुसता वारा. पुन्हा घातली, पुन्हा वारा. "तापानं तोंड सुकलं," म्हणाला. बैल माना वर करून त्याच्याकडे परक्यासारखे बघत होते. तेवढ्यात महालाकडून शीळ आली, आणि दोन्ही बैलांनी गुमान माना खाली घालून पाणी पिऊन घेतलं. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी पाहिलं हे. त्यांनी धुणं तसंच ओलं गोळा केलं आणि घरचा रस्ता धरला.

पुढं पुढं शेषरावचं लक्ष लागेना. दिवस कलला की उठायचा आणि तळ्याकडे चालू लागायचा. पहिल्यांदा काठापर्यंत गेला. मग बांधावर. एकदा रुख्मिणी पाणी आणायला गेली, तर हा बांध सोडून कमरेइतक्या पाण्यात उभा, महालाकडे तोंड करून. तिनं ओरडून माणसं जमवली आणि त्याला ओढून काढलं. काय करत होतास विचारलं, तर साधेपणानं म्हणाला, "हाजरी चालू हाय तिथं. माहं नाव घेऊन राह्यले. जागा ठेवेल हाय म्हंतात माह्यासाठी, मंग जा लागते ना?" महादेवरावानं त्याला दाव्यानं खाटेला बांधलं. बापानं पोराला बांधायचं, म्हणजे काय झालं असेल त्या बापाचं! आणि दावं तरी किती दिवस पुरणार होतं? सकाळी बघावं तर गाठी सुटलेल्या नसायच्या, पण शेषरावचे पाय घोट्यापर्यंत गाळानं माखलेले असायचे.

मनकर्णाबाईला कळून चुकलं. राजानं शेषरावला रीतसर जमा करून घेतलं होतं. वर्दी देणारी दुसरी कुणी नव्हती, तीच होती. मुलाला तिनं स्वतःच्या तोंडानं तिकडे पोचवलं होतं आणि आता उरलेलं माणूस राजा मागत होता.

शेगावला नारळ ठेवून आली, गंडे बांधले, एका बाबानं कोंबडं मागितलं तेही दिलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी एका दुपारी ती झुंबरबाईच्या दारात गेली. आत नाही गेली, दारातच बसली आणि पदर पसरला. "झुंबरबाई, तुह्या पोरीच्या वक्ताले मी जे बोलली, ते माह्या घशात अडकून हाय. मले मार, शिव्या दे. पन माहं पोरगं वाचव. मले काही सुचून नाही राह्यलं."

झुंबरबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मनकर्णे, मले फक्त एक रात पाह्यजे होती. एकच." आणि डोळे पुसून तिच्याजवळ येऊन बसली. "गेल्याले राजा माघारी देत नाही. कोनालेच देल्लं नाही. पन जल्माले येनाऱ्याले तो अडवत नाही ना? मंग तू याले नव्यानं जल्माले घाल. पाळन्यात घाल, नाव ठेव, अन् तशी वर्दी दे. माह्या आजीनं माहेरात असं केलेलं पाह्यलं व्हतं. मेला समजून तेरावं केलेला मानूस वापस आला, तं त्याले पुन्यांदा बाळ करा लागते."

"अन् शेषराव?"

"शेषराव गेला म्हून तूच सांगून आली ना? मंग तो गेला. त्याचं नाव पुन्यांदा तोंडातून काढाचं नाही. ते नाव तिकडचं झालं."

आणि मग पिंपळतळ्यात असं बारसं झालं, जसं कुणी पाहिलं नसेल. मिशीवाल्या गड्याला अंघोळ घालून दुपट्यात गुंडाळला. पाळणा कुठला पुरणार, म्हणून दोन बायका धान्याच्या गोणपाटाची झोळी धरून उभ्या, आणि झोळीत शेषरावचं नुसतं डोकं नि खांदे, पाय जमिनीवर. बाया गाणी म्हणता म्हणता हसू दाबत होत्या. एक जण महादेवरावाला म्हणालीच, "बुढेबाबा, या वयात पोरगं झालं, आता नजर लागन, सांभाळा!" म्हातारा लाजून गोठ्यात जाऊन बसला. मरणाऱ्या मुलांना जगवायला जे नाव ठेवतात तेच ठेवलं, कचरू. रुख्मिणी तेवढी हसली नाही. "मी कोनाची बायको मंग?" असं तिनं सासूला विचारलं. झुंबरबाई म्हणाली, "तुह्या नवऱ्यामागं कचरूशी पाट लावू, त्यात काय!" विधवेचा लावतात तसा तिचा पाटही त्याच आठवड्यात लावला, त्याच नवऱ्याशी. पण हे सगळं नंतर. आधी वर्दी द्यायची होती.

मनकर्णाबाई बारशाच्याच संध्याकाळी गेली. तळं बरंच ओसरलं होतं; महालाच्या खालच्या मजल्याच्या कमानी पाण्याबाहेर आल्या होत्या आणि त्यांच्यात ओला काळोख भरला होता. ती सज्जा झाडू लागली, तेव्हा दगडी बैठकीशेजारी एवढीशी जागा आधीच झाडलेली दिसली. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी.  बाकीचं सगळं झाडून ती उंबऱ्याबाहेर आली.

"राजेसाहेब, वर्दी हाय. मनकर्णा महादेव हिच्या पोटी पोरगा झाला. नाव ठेवलं कचरू."

आतून हलक्या आवाजात कुणी तरी म्हणालं, "माय, मंग मी कोन?"

तोच आवाज. ताप यायच्या आधीचा, भरलेला, तब्येतीचा.  या आवाजाला तिनं पाजलं होतं, खांद्यावर झोपवलं होतं. आत जावं, हाताला धरून बाहेर आणावं, असं तिच्या मनात आलं, आणि एक पाय उंबऱ्यावर पडलाही. पण घरी झोळीतून उतरून बसलेला पोरगा तिला आठवला. उत्तर द्यायचं नाही हा नियम तिनं मोडला. उंबऱ्यावरचा पाय मागं घेतला आणि म्हणाली, "तू गेला, बाप्पा. मीच सांगतलं राजाले. माह्यावर राग धरू नको." आणि मागं न बघता बांधावरून चालत घरी आली. डोळ्यांतलं पाणी तिनं बांधभर पुसलं नाही.

कचरू वाचला. त्या दिवसापासून तो तळ्याकडे ओढला गेला नाही. गाळात वांगी लावली, काकड्या लावल्या, रुख्मिणीला दोन मुलं झाली. शीळ मात्र त्याला कधी आली नाही. बैल पाजायचं काम महादेवरावाकडे आणि पुढं नातवांकडे गेलं. मनकर्णाबाई रोज संध्याकाळी जायची, तिला परतायला उशीर व्हायचा. सज्जात काय करते विचारलं तर म्हणायची, "झाडते." कधी सणावाराला पदराखाली पुरणपोळी लपवून न्यायची, आणि ती राजासाठी नव्हती, हे रुख्मिणीला कळत होतं.

पुढं काही वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. केरसुणी रुख्मिणीकडे आली. कचरूनं आईची सेवा इतकी केली की गावानं नाव काढावं. एका सकाळी तो तिचे पाय दाबत बसला होता. इतकी वर्षं जे मनात होतं ते त्यानं शेवटी बोलून टाकलं.

"माय, एकडाव मले माह्या नावानं हाक मार. एकच डाव. शेषराव म्हन. मीच हाओ ना तो?"

मनकर्णाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. सगळ्या जन्मात ती कुणापुढं घाबरली नसेल, तेवढी तेव्हा घाबरलेली दिसली. त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून म्हणाली, "त्या नावानं हाक मारली, तं तो उठून येईन रे. तो वाटच पाहून राह्यला. मंग तुले मी कुठी ठेवू?"

त्याच दिवशी, ऊन कलायच्या आत, ती गेली.

संध्याकाळी वर्दी द्यायला रुख्मिणी गेली. सज्जा झाडला, उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आणि "राजेसाहेब, मनकर्णा महादेव गेली" एवढं म्हणाली. आत कुणी तरी हंबरडा फोडला. आईमागं पोर रडावं तसा, छाती फोडून. तो आवाज ओळखायला तिला वेळ लागला नाही. त्या आवाजाशी तिचं पहिलं लग्न लागलं होतं. ती तशीच, मागं न बघता, बांध ओलांडून घरी आली.

अंगणात माणसं बसली होती. कचरू भिंतीला टेकून एका बाजूला होता, डोळे कोरडे ठणठणीत. रुख्मिणी दिसली तसा उठून तिच्याजवळ आला आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलला.

"रुख्मिणी, माही माय मेली ना? मंग मले काऊन रडू येऊन नाही राह्यलं?"